जुनी रोड सायकल उभी करताना: आधी माप, मग खरेदी

तुमच्या प्रश्नाचं सार असं. वडिलांनी वापरलेली प्यूजोची रोड सायकल, बहुधा १९७० च्या दशकातली, वीसेक वर्षं भिंतीला टेकून पडून होती. मागे पाच गिअर. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, हात लावताच मोडला, सीट वर-खाली होत नाही, पॅडल मारलं की दर फेरीला ‘कट्’ असा आवाज येतो, आणि क्रोमवर गंज चढलाय. तुम्हाला विचारायचंय की नवा रंग द्यावा का, मोडलेले भाग मिळतील कुठे, आणि नाहीच मिळाले तर आजचे बसतील का.

सायकल चालू होईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. रंग देऊ नका. आणि हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) येईपर्यंत एकही भाग विकत घेऊ नका. अशा सायकली उघडण्या-जोडण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यात जेवढं नुकसान पाहिलं, त्यातलं गंजामुळे थोडं आणि ‘जवळपास बसतोय’ अशा भागांमुळे जास्त झालं होतं.

त्याचं कारण मुळात समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. त्या काळी प्रत्येक देशाचे आटे वेगळे होते. बॉटम ब्रॅकेटचंच बघा, म्हणजे क्रँकचा (पॅडलच्या दांड्यांचा) आस ज्यात फिरतो तो फ्रेममधला भाग. त्याच्या दोन्ही बाजूंना आट्यांची एकेक वाटी बसते. ब्रिटिश माप १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. इटालियन ३६ मि.मी. आणि इंचाला २४ आटे. फ्रेंच ३५ मि.मी. आणि दर आट्याला १ मि.मी. स्विस मापही ३५ गुणिले १, पण ब्रिटिशांप्रमाणे त्यातही चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची. फ्रेंच आणि इटालियनमध्ये दोन्ही वाट्या सरळ आट्यांच्या. म्हणजे चेनकडची वाटी काढताना ब्रिटिश आणि स्विस सायकलवर पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, फ्रेंच आणि इटालियनवर उलट दिशेने. दिशा चुकली तर तुम्ही वाटी काढत नसता, आणखी घट्ट करत असता.

प्यूजोच्या बाबतीत एक जादा खबरदारी घ्या. फ्रेंच कारखाने पुढे स्विस आणि मग ब्रिटिश आट्यांकडे वळले. त्यामुळे ‘फ्रेंच सायकल म्हणजे फ्रेंच आटे’ असं धरून चालू नका. वाटीच्या तोंडावर ३५ गुणिले १ असं कोरलेलं सापडलं तरी ती फ्रेंच की स्विस हे त्यावरून कळत नाही. वाटीचा एखादा आटा बाहेर डोकावत असेल तर तो कोणत्या बाजूला चढतोय ते टॉर्चने बघा. तेवढ्याने उलगडा होतो.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका फ्रेंच फ्रेममध्ये मी ब्रिटिश वाटी बसवायला घेतली. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मि.मी., फ्रेंच ३५ पेक्षा जरा लहानच. त्यामुळे ती बोटांनीच आत गेली. दोन फेरे, तीन फेरे, अगदी गुळगुळीत. मग जड झाली. मला वाटलं रंग आडवा आलाय, म्हणून पाना लावला. खरं म्हणजे ब्रिटिश आट्याचं अंतर १.०५८ मि.मी. आणि फ्रेमचं १.०. दर फेऱ्याला थोडा थोडा फरक साचत गेला आणि चौथ्या फेऱ्याला आट्याच्या कडा एकमेकींवर चढल्या. बाहेर काढली तेव्हा वाटीसोबत स्टीलचे बारीक कुरळे ताशेही बाहेर आले. ती फ्रेम मग ३६ मि.मी.चा इटालियन टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवूनच वाचवता आली. बोटांनी आत गेला म्हणजे भाग जुळला, असं तेव्हापासून मी कधी मानलेलं नाही.

बाकीची मापंही अशीच फसवी आहेत. तुमच्या सायकलवर ही मोजाच: हँडलच्या स्टेमची दांडी फ्रेंच असेल तर २२.० मि.मी., एरवी २२.२. नळ्यांचा व्यास फ्रेंच फ्रेमवर २८ मि.मी., ब्रिटिश आणि इटालियनवर २८.६. म्हणून बाजारात सहज मिळणारा २८.६ चा शिफ्टरचा (गिअर बदलायच्या दांडीचा) किंवा पुढच्या डिरेलरचा पट्टा तुमच्या नळीवर घसरतो, आणि आत पातळ पत्र्याची पट्टी घालावी लागते. चिमट्याच्या वरच्या टोकाचे आटे फ्रेंच २५ मि.मी. आणि १ मि.मी. अंतराचे, इतरत्र १ इंच आणि इंचाला २४. पॅडलचे आटे फ्रेंच १४ मि.मी. आणि १.२५ अंतराचे, बाकी जगात ९/१६ इंच आणि इंचाला २०. पॅडलवर डी आणि जी ही अक्षरं कोरलेली दिसली तर ती फ्रेंचमधली उजवी-डावी आहेत, आणि आटेही बहुतेक फ्रेंचच असणार. फ्रेंच क्रँकमध्ये ९/१६ चा टॅप फिरवून आजचं पॅडल बसवता येतं. उलट मात्र होत नाही. मापांच्या बाबतीत शंका आली की शेल्डन ब्राउन या अमेरिकन मेकॅनिकने जमवलेले तक्ते बघा. ते २००८ मध्ये गेले, पण त्यांचं ते काम आजही रोज माझ्या उपयोगी पडतं.

सायकलचं नेमकं वर्ष ठरवण्यासाठी फ्रेमच्या नंबरापेक्षा भागांवरचे शिक्के जास्त बोलतात. शिमानोच्या भागांमागे दोन अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं, १९७६ साठी ए, १९७७ साठी बी असं पुढे. दुसरं महिन्याचं. कँपान्योलोच्या त्या काळच्या मागच्या डिरेलरवर पेटंट या शब्दापुढे दोन अंक असतात, तेच वर्ष. एखादा भाग मागाहून बदललाय का, हेही यातून कळतं.

आता उघडायला घ्या. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, केबल कुठून कशी वळतात तेही. मग सर्वांत आधी फ्रेम तपासा, कारण फ्रेम गेलेली असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. हँडलच्या नळीच्या अगदी मागे, खालच्या नळीच्या पोटाशी बोट फिरवा. समोरून धडक बसलेल्या सायकलला तिथे रंगाला सुरकुती पडलेली किंवा नळीला फुगवटा आलेला असतो. चाक बसतं त्या खाचांच्या कडा, सीटचा बोल्ट धरणारे कान आणि बॉटम ब्रॅकेटजवळचे सांधे भिंगाखाली बघा. मग एक पक्का दोरा घ्या. मागच्या एका खाचेला बांधून हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या खाचेला ताणून बांधा. दोऱ्यापासून सीटच्या नळीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर फ्रेमचा मागचा भाग सरळ आहे. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो.

सीटपोस्टचं, म्हणजे सीट ज्यावर बसते त्या दांडीचं काम सगळ्यात जास्त धीर मागतं. आधी त्याला चुंबक लावा. चिकटलं तर तो स्टीलचा आहे, आणि गंजाने अडकलाय. नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियमचा, आणि मग स्टील-अ‍ॅल्युमिनियममधल्या ओलीने पांढरा क्षार तयार होऊन तो दोघांच्या मध्ये पाचरीसारखा ठासून बसलाय. सीटचा बोल्ट पूर्ण काढा. बॉटम ब्रॅकेट उघडून सायकल उलटी ठेवा आणि खालून नळीत गंज सोडवणारं तेल ओता. वरच्या फटीतही रोज थोडं सोडत राहा. आठवडाभर तरी. घाई झालेल्या माणसाचं इथे हमखास नुकसान होतं.

अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून नळीला आच दिली तर पोस्ट उलट घट्ट होतो, थंड केला तर आकसतो. मी पोस्टच्या आत बर्फ आणि मीठ भरून ठेवतो, किंवा चाकात हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या डब्या त्यात रिकाम्या करतो. मग जुनं सीट काढून पोस्टचं डोकं टेबलाला पक्क्या बसवलेल्या व्हाइसमध्ये धरतो आणि अख्खी फ्रेमच दोन्ही हातांनी फिरवतो. फ्रेम हाच सगळ्यात लांब पाना. एक लहानसा ‘टक्’ ऐकू येतो आणि केसभर हालचाल जाणवते. तिथे थांबायचं, तेल सोडायचं, परत मागे-पुढे. एका दमात ओढायचं नाही.

काहीच हललं नाही तर पोस्ट वरून कापून, आत करवतीचं पातं घालून त्याला उभी चीर पाडायची आणि तो आतल्या आत मिटवायचा. कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि स्टील शाबूत राहतं, हे खरं. पण त्यातून हायड्रोजन निघतो, ते द्रावण डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते आणि रंग तर हमखास जातो. उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून, अगदी शेवटचा उपाय म्हणूनच करा. नवा पोस्ट घेताना जुन्याचा व्यास एका ठिकाणी मोजून भागत नाही. तीन ठिकाणी मोजा, आणि नळीचा आतला व्यासही. २७.२ मि.मी. हे पातळ नळ्यांच्या चांगल्या फ्रेमचं माप. साध्या नळ्यांच्या फ्रेमला त्याहून लहान पोस्ट लागतो, आणि या मापांत ०.२ मि.मी.चाही फरक चालत नाही.

तुमचा तो ‘कट्’ आवाज. क्रँक कॉटरवर बसवलेला असेल, म्हणजे क्रँकमधून आडवी गेलेली, एका टोकाला नट असलेली पिन दिसत असेल, तर पिन सैल झालीय किंवा तिचा सपाट भाग झिजलाय. काढताना नट पूर्ण काढू नका. पिनच्या टोकाशी बरोबर येईल इतकाच सोडा, म्हणजे आटे वाचतील. क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचणारा लोखंडी पाइप उभा करा आणि मग एकच जोरदार घाव घाला. पाइप न लावता ठोकलं तर सगळा दणका छर्ऱ्यांना बसतो आणि वाटीत खड्डे पडतात. कॉटर दाबून काढायचं हत्यार मिळालं तर हातोडी बाजूलाच ठेवा.

नवी पिन ९ मि.मी.ची घ्यायची की ९.५ ची, हे क्रँकचं भोक मोजून ठरवा. दोन्ही मापं प्रचलित होती. पिन जशीच्या तशी बसत नाही, सपाट बाजू कानशीने घासून कोन जुळवावा लागतो. दोन्ही पिनांची तोंडं एकमेकींच्या उलट ठेवा, नाहीतर क्रँक सरळ रेषेत येत नाहीत. घासलेला भाग काजळीने काळा करून पिन आत ढकला, काढा, बघा. काजळी सगळीकडे सारखी पुसली गेली असेल तर पिन नीट टेकली. एका कोपऱ्यातच पुसली असेल तर कानस परत हातात घ्या. या कामाला मी निवांत एक दुपार राखून ठेवतो.

छर्रे सगळेच बदला. ते स्वस्त असतात आणि जुने डोळ्यांना चांगले दिसले तरी गोल राहिलेले नसतात. बॉटम ब्रॅकेटमध्ये पिंजऱ्याशिवाय दर बाजूला पाव इंचाचे ११, मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, पाव इंचाचे ९, पुढच्या हबमध्ये बहुधा ३/१६ चे १०. काढताना मोजून खात्री करा. हबच्या कोनावर (छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूवर) नखाला लागेल एवढा खड्डा असेल तर कोनही गेला, आणि नेमका जुळणारा कोन मिळाला नाही तर अख्खा एक्सल संच बदलणं शहाणपणाचं. क्रोमवरचा गंज साध्या पाण्यात बुडवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने घासला की बराचसा जातो. जास्त असेल तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पातळ द्रावणात फक्त स्टीलचे भाग रात्रभर ठेवा आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच.

डिरेलर मोडला याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या काळच्या बऱ्याच फ्रेंच सायकलींवर सिंप्लेक्स कंपनीचे डेलरिन नावाच्या प्लास्टिकचे डिरेलर होते, आणि वयानुसार ते तडकतातच. तसाच दुसरा जुना शोधून लावलात तर तोही तडकेल. मी असतो तर मूळ तुकडे जपून ठेवले असते आणि चालवण्यासाठी सनटूर कंपनीचा जुना धातूचा डिरेलर लावला असता. सनटूरने १९६४ मध्ये तिरक्या समांतरभुजाची रचना आणली, ज्यात वरचं छोटं चक्र सगळ्या गिअरांपासून सारख्या अंतरावर चालतं. १९८४ मध्ये ते पेटंट संपलं आणि त्याच वर्षी शिमानोने ड्युरा-एस या आपल्या रोड सायकलच्या संचात ही रचना आणि खटक्याने बदलणारे गिअर एकत्र आणले. आज जवळपास प्रत्येक डिरेलर त्याच वंशातला आहे. तुमच्या सायकलचे शिफ्टर खटक्याचे नाहीत, नुसत्या घर्षणावर चालणारे आहेत. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा मागचा डिरेलर त्यांच्यासोबत चालतो. जुन्या सायकलने दिलेली ही मोठी मोकळीक आहे. फक्त तो टांगायचा कान फ्रेमला आहे का, आणि त्याच्या भोकात १० गुणिले १ चे आटे आहेत का, ते बघा. सिंप्लेक्सच्या कानाला आटे नसतात, टॅप फिरवावा लागतो. कानच नसेल तर पंजासारखी वेगळी पट्टी मिळते, ती चाकाच्या एक्सलखाली बसते.

नवे गिअर बसतील का, याचं उत्तर मागच्या खाचांमधल्या अंतरात आहे. पाच गिअरच्या फ्रेमला साधारण १२०, सहा-सातला १२६, आठच्या पुढे रोड सायकलला १३० मि.मी. स्टीलची फ्रेम १२० वरून १२६ पर्यंत थंडच वाकवता येते, दोन्ही बाजूंनी सारखी, दोरा लावून तपासत. तिथून १३० वर जाणारे लोक आहेत. मी वारशाने आलेल्या सायकलवर ते करणार नाही. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला तर हे कधीच करायचं नाही.

फ्रीव्हीलकडे, म्हणजे मागच्या हबवर आट्यांनी चढणाऱ्या गिअरच्या चक्रांकडे, नीट लक्ष द्या. फ्रेंच हबचे आटे ३४.७ मि.मी.चे, ब्रिटिशांपेक्षा किंचित लहान. आज नवे मिळणारे फ्रीव्हील, सनरेसचे असोत की शिमानोचे, ब्रिटिश आट्यांचे असतात. ते फ्रेंच हबवर सैल चढतात आणि चढावर जोर लावला की हबचे आटे सोलून काढतात. जुनं फ्रीव्हील चांगलं असेल तर धुऊन, तेल घालून तेच चालवा. नसेल तर मागचं चाकच बदला. तारा कापण्याआधी फ्रीव्हील काढायला मात्र विसरू नका, नंतर हब धरायला काहीच उरत नाही.

चाकं २७ इंची असतील तर रिमचं माप ६३०. आजचं ७००-सी म्हणजे ६२२. व्यासात ८ मि.मी.चा फरक, म्हणून ब्रेकचे रबर ४ मि.मी. खाली आले पाहिजेत. माफाक कंपनीच्या मधून ओढणाऱ्या ब्रेकना बहुधा तेवढी जागा असते. नसेल तर ५५ ते ७३ मि.मी. पोच (बोल्टपासून रबरापर्यंतचं अंतर) असलेले लांब ब्रेक मिळतात. क्रोमच्या स्टील रिमवर पावसात ब्रेक लागायला फार उशीर होतो, त्यामुळे सायकल रोज चालवायची असेल तर रिम अ‍ॅल्युमिनियमची करा. जुन्या रिमला आत टायरची कड धरणारा हूक नसेल तर नव्या टायरवर लिहिलेला कमाल दाब भरू नका. टायर उडून बाहेर येतो.

आता भाग कुठे मिळतील. चेन, केबल, टायर, छर्रे आणि ब्रेकचे रबर नेहमी नवेच घ्या. ‘न वापरलेलं जुनं’ म्हणून विकले जाणारे रबर आणि टायर आतून वाळलेले असतात, कितीही सुंदर वेष्टनात असोत. हँडल आणि स्टेम अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर जुने वापरलेले घेऊ नका. हँडलच्या टेपखाली घामाने पडलेले खड्डे बाहेरून दिसत नाहीत, आणि हँडल तुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही. फिल वुड कंपनीच्या बॉटम ब्रॅकेटला ब्रिटिश, इटालियन, फ्रेंच, स्विस अशा वेगवेगळ्या कड्या मिळतात. आटे पूर्ण गेलेच असतील तर आतून फाकून पकड घेणारे, आट्यांशिवायचे बॉटम ब्रॅकेटही बनतात.

बाकीच्या गोष्टींसाठी माझा सगळ्यात आवडता मार्ग म्हणजे दाता सायकल. त्याच देशाची, त्याच दशकातली, फ्रेम वाकलेली एखादी सायकल अख्खी विकत घ्या. वाट्या, एक्सल, शिफ्टरचे पट्टे, फ्रीव्हील, बारीक वॉशर, सगळं एकाच मापाचं हाती लागतं, आणि सुटे भाग घेण्यापेक्षा ते बहुतेकदा स्वस्तही पडतं. लांबून भाग मागवताना विक्रेत्याकडे व्हर्निअर लावलेला फोटो मागा, आट्यांचा जवळून फोटो मागा, आणि चेनव्हील असेल तर दातांचा बाजूने. ‘सगळ्या जुन्या सायकलींना बसतं’ असं लिहिलेल्या वस्तूकडे मी फिरकत नाही.

रंगाबद्दल. तुमच्या वडिलांच्या हाताखाली झिजलेला तो रंग आणि ती अक्षरं पुन्हा मिळणार नाहीत. फ्रेम सौम्य साबणाने धुवा, मेण लावा, उघड्या गंजाच्या ठिपक्यांवर उपचार करून तेवढाच रंग भरा. नळ्यांच्या आत जवसाचं उकळलेलं तेल फिरवून, फ्रेम उलटी-सुलटी करत सुकू द्या. ते लावलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेते. पसरून वाळवा.

सगळं जोडून झाल्यावर पहिली फेरी घराजवळच, सपाट रस्त्यावर मारा. परत आल्यावर कॉटरचे नट पुन्हा आवळा, चाकांचा आऊट बघा, आणि फ्रेंच आटे असतील तर चेनकडच्या वाटीवर खडूने खूण करून ठेवा. सरळ आट्यांमुळे ती चालवताना सैल होण्याकडे झुकते. पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर खूण जागेवरच असेल तर वाटी बसली.